ज्याचं कमी चुकलं त्याने आधी

पोशेऱ्याच्या अंगाला डोंगराच्या कुशीत उंबरपाडा म्हणून वीस-बावीस घरांची वस्ती होती. तिथे ढवळू राहत असे. त्याची जमीन बेताची, अंगकाठी बेताची आणि बोलणं तर त्याहून बेताचं. भाताच्या आवणीत तो कधी कुणाच्या पुढे गेला नाही आणि नाचात कधी कुणाच्या लक्षात राहिला नाही. तरी चार कोसांत कुठेही दोन घरं एकमेकांकडे पाठ करून बसली, की माणसं ढवळूच्या अंगणात येऊन उभी राहत. भांडण मिटवणं हे त्याचं काम होतं. ते त्याला बापाकडून मिळालं होतं आणि बापाला त्याच्या मामाकडून. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी काढूही शकत नव्हतं. माणसं त्याला 'मधला' म्हणत.

त्याची रीत अशी होती. आधी तो दोन्ही घरी जाऊन बसे. विचारत काहीच नसे. तंबाखू मळी, पोरांशी दोन शब्द बोले, जेवायचा आग्रह झाला तर मिटल्यावर जेवीन म्हणे. चार-आठ दिवस असं येऊन-जाऊन झालं, की कुणाचं जास्त चुकलंय आणि कुणाचं कमी हे त्याला उमगे. मग तो दिवस ठरवी, दोन्ही घरं समोरासमोर बसवी, मध्ये सूप मांडी आणि सुपात मूठभर तांदूळ टाकी. ज्याचं कमी चुकलं असेल त्याने आधी बोलायचं. काय बोलायचं, तर एवढंच: "माझा चुकला." बोलून सुपातले चिमूटभर तांदूळ शेजारच्या मडक्यात टाकायचे. मग दुसऱ्याने तेच म्हणायचं, आणि त्याने मात्र सगळं सांगायचं. जसं घडलं तसं, पोटात काही न ठेवता. दोघांचे तांदूळ मडक्यात पडले की त्यांची पेज होई, दोघं ती पानाच्या एकाच दोण्यातून पीत, आणि त्या गोष्टीवर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता.

शिकल्या-सवरल्या माणसाला हे उलटं वाटेल. ज्याचं कमी चुकलं त्यानेच आधी मान का खाली घालायची? ढवळूला हे कुणी विचारलं तर तो हसे आणि म्हणे, की ज्याच्या पोटात मोठी चूक असते त्याचं तोंड आपणहून उघडत नाही. समोरचा आधी वाकला की लाजेने उघडतं. आणि ज्याचं कमी चुकलंय त्याला वाकायला जड जात नाही. झालं, एवढंच शास्त्र. पण या एवढ्याशा शास्त्रावर त्या डोंगरात किती डोकी फुटायची राहिली याची गणती नाही, आणि ती कुणी केलीही नाही. फुटलेली डोकी तेवढी फौजदाराच्या दप्तरात सापडतात.

उंबरपाड्याच्या खालून एक ओहोळ जातो. त्याच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख, म्हणजे मोखाड्याची हद्द, आणि पलीकडे जव्हार संस्थान. पलीकडच्या काठावर वेळूपाडा. दोन्ही पाड्यांत सोयरिकी होत्या, देव एक होता, दुखण्याखुपण्याला माणसं एकमेकांच्या दारी जात. गुरांना मात्र हद्द होती. अलीकडच्या काठाला चांगला गवताचा माळ होता आणि तिथे वेळूपाड्याची गुरं कधी आली नव्हती. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. जव्हारला भाषणं झाली, शाळेतल्या मुलांना साखर वाटली. पाड्यावर विलीनीकरण कळलं ते असं, की एका सकाळी वेळूपाड्याची गुरं ओहोळ ओलांडून माळावर चरू लागली. हद्दच उरली नाही तर माळ कुणाचा, असा त्यांचा सवाल होता, आणि सवाल खोटा नव्हता. उंबरपाड्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, कारण एवढ्या गवतात एका पाड्याचीच गुरं कशीबशी निभत. ढवळूने दोनदा सूप मांडलं, दोनदा मिटवलं. गवत तेवढंच राहिल्यामुळे भांडण पुन्हा पुन्हा उगवत राहिलं.

एक्कावन्न सालच्या चैत्रात ते भलत्या थराला गेलं. उंबरपाड्यात लक्ष्या नावाचा पंचविशीतला गडी होता. घरी म्हातारी आई सुकी, बायको कमू आणि वर्षाची मुलगी. डोकं तापट, पण मन उघडं. पोटातलं चेहऱ्यावर दिसायचंच. वेळूपाड्याच्या सोम्याचा बैल माळावर आला तेव्हा लक्ष्याने तो आपल्या दारात बांधून घातला आणि तीन दिवस सोडला नाही. सोम्या चाळिशीचा, कष्टाळू, तोंडाने मुका म्हणावा असा. तो आला, बैल मागितला, लक्ष्याने त्याला चारचौघांत नको ते सुनावलं आणि मग बैल सोडला. त्यानंतर आठ दिवसांनी सोम्याच्या घरामागची पेंढ्याची उडवी भर दुपारी पेटली. उडवीला लागून गोठा होता, तोही गेला. आत बांधलेला तोच बैल भाजला आणि दोन दिवस तडफडून मेला.

सोम्याने त्या रागात ठाण्यावर जाऊन लक्ष्याचं नाव सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार? लक्ष्या त्या दुपारी रानात एकटाच डिंक काढत होता, पाहणारं कुणी नव्हतं. हवालदार येऊन गेला. पंचनामा झाला. लक्ष्याला अजून नेलं नव्हतं, पण त्याच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता.

इथे आता सरकार या गोष्टीत येतं. त्याच वर्षी जव्हारला मामलेदारांनी एक सलोखा समिती काढली होती. मामलेदार तरुण होते, मनाने चांगले होते, आणि स्वराज्यात काहीतरी नवं करून दाखवावं अशी त्यांना तळमळ होती. पाड्यापाड्यांतल्या शहाण्या माणसांना त्यांनी समितीचे पंच म्हणून नेमलं. त्यात ढवळूचंही नाव आलं. पहिल्या बैठकीत साहेब म्हणाले, की हे लहान काम समजू नका, इथे जमलं तर जिल्ह्यात होईल, जिल्ह्यात जमलं तर उद्या दिल्लीला अख्ख्या देशासाठी असं सलोख्याचं मंडळ बसेल आणि गरिबाला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. ढवळू जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसला होता. पाय खाली सोडून बसायची सवय नसल्याने त्याला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. भाषणातलं निम्मं त्याला कळलं नाही, पण जे कळलं त्याने तो सुखावला.

घरी येऊन त्याने बायकोला, राहीला, सांगितलं की सरकारला आपली रीत पटली.

राही नाचणी दळत होती. ती म्हणाली, "सरकार पेज पिल काय?"

ढवळू हसला. बायकांना बाहेरचं कळत नाही असं त्याला वाटलं. एरवी असं वाटणाऱ्यातला तो नव्हता, पण खुर्चीचा थोडासा गुण लागला होता.

आगीचं प्रकरण झालं तेव्हा समितीच्या शिपायाने निरोप आणला, की उंबरपाडा आणि वेळूपाडा यांचा तंटा समितीपुढे आणा, मिटवून टाकू. ढवळूच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो दोन्ही घरी जाऊन बसला. आठ दिवस त्याने नुसता तंबाखू मळला. लक्ष्याकडे बैल बांधल्याची, तोंड सोडल्याची लाज होती आणि आग लावल्याचं पाप नव्हतं, हे ढवळूला पहिल्या दिवशीच कळलं. सोम्याच्या घरी वेगळं होतं. सोम्या मान वर करत नव्हता. घरामागे राबाची जागा होती, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा अंथरून भाजलेली जमीन, आणि तिथून उडवीपर्यंत गवताची एक काळी जळकी पट्टी गेली होती. सोम्या त्या बाजूला पाठ करून बसायचा. ढवळूने पट्टी पाहिली आणि नजर काढून घेतली. विचारायचं नाही, हा नेमच होता. सुपापुढे सोम्या आपणच बोलेल, याची त्याला खात्री होती.

निघायच्या आदल्या दिवशी लक्ष्याने विचारलं, "बाबा, तिथं पन आधी मीच बोलू?"

"तुझा कमी चुकलाय," ढवळू म्हणाला. "तूच आधी."

पहाटे निघून दोन्ही पाड्यांची माणसं जव्हारला पोचली. कचेरीच्या मोठ्या खोलीत टेबल होतं, टेबलामागे साहेब, शेजारी कारकून टेंबे. ढवळूने घरून सूप आणलं होतं, तांदूळ आणले होते, मडकं राहीने कडेवर आणलं होतं. साहेबांना त्याचं फार कौतुक वाटलं. सूप टेबलावर ठेवा म्हणाले. मग टेंब्यांना वही उघडायला जागा पुरेना, तेव्हा शिपायाने ते उचलून खिडकीत ठेवलं. ढवळूला ते खटकलं. पण आपल्या घरी आपली रीत आणि त्यांच्या घरी त्यांची, असं त्याने मनाला समजावलं, आणि सोम्याच्या आणि लक्ष्याच्या हातात चिमूट-चिमूट तांदूळ देऊन ठेवले.

साहेबांनी विचारलं, कोण बोलणार. ढवळूने लक्ष्याकडे पाहिलं.

लक्ष्या उभा राहिला. कचेरी, टेबल, भिंतीवरचा नकाशा हे सगळं त्याने एकदा पाहून घेतलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "माझा चुकला."

मग टेंब्यांचा टाक चालू झाला. त्यांनी भराभर लिहिलं, की आरोपी लक्ष्या याने सोम्या याचा गोठा जाळल्याची आपली चूक पंचांसमक्ष राजीखुशीने कबूल केली. मोठ्याने वाचून दाखवलं तेही कागदी मराठीत. पाड्यावर बोलतात त्यापेक्षा ती मराठी इतकी वेगळी, की लक्ष्याला त्यातलं आपलं नाव तेवढं ओळखू आलं. शिपायाने शाईची गादी पुढे केली. लक्ष्याने अंगठा दिला. पंच म्हणून ढवळूनेही दिला.

साहेब उठले. त्यांचा चेहरा फुलला होता. एवढ्या सरळपणे कबूल करणारा माणूस मी शहरात पाहिला नाही, असं ते म्हणाले, आणि ते त्यांच्या मनातलं होतं. त्यांना पुढे दौऱ्यावर जायचं होतं, गाडी उभी होती. ढवळू गडबडून पुढे झाला. सोम्याकडे बोट करून म्हणाला, "साहेब, याचा बोलायचा ऱ्हायलाय."

साहेबांना वाटलं, म्हातारा फिर्यादीसाठी काही मागतोय. त्यांनी हसून सांगितलं, की फिर्यादीने आता काही बोलायची गरज नाही, त्याला न्याय मिळाला. सोम्या भिंतीशी उभा होता. मुठीत तांदूळ होते, तोंड अर्धवट उघडलेलं होतं. ढवळूने ते पाहिलं. सोम्याच्या जिभेवर आलेलं सगळं त्याच्या तोंडातच थांबलं होतं. मग साहेब गेले, टेंब्यांनी वही मिटली आणि दारात उभ्या असलेल्या हवालदाराने लक्ष्याचं मनगट धरलं.

ढवळूला काही कळेना. मिटलं ना, असं तो टेंब्यांना विचारू लागला. टेंबे वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, की माळाचा तंटा समिती मिटवेल, पण आग लावणं हा गुन्हा आहे, तो समितीला मिटवता येत नाही. कबुली दिली हे बरंच झालं, कोर्ट शिक्षा कमी करेल. समितीचा कागद कोर्टाला उपयोगी पडेल. मग ते जेवायला गेले.

कोर्टात लक्ष्याला एक वकील मिळाला. तो तरुण होता, धडपड्या होता. त्याने बाहेर ओटीवर लक्ष्याला बजावलं, की मी असं बोललोच नाही म्हणून सांग, किंवा मारून बोलायला लावलं म्हणून सांग, नाहीतर मी काही करू शकत नाही. लक्ष्याने ढवळूकडे बघितलं. सुपापुढे बोललेला शब्द मागे घेतला तर माणूस माणसांतून उठतो, असं दोघांनीही लहानपणापासून ऐकलं होतं. घेऊ का मागे, एवढंच लक्ष्याच्या डोळ्यांत होतं. आणि ढवळूने मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढे आयुष्यभर त्याने स्वतःला ज्यासाठी शिव्या घातल्या ते हेच. कचेरीत तो फसला होता, ते कुणीही फसला असता. पण कोर्टाच्या ओटीवर तो गप्प बसला.

आत लक्ष्याला विचारलं, तू असं बोललास का? तो म्हणाला, बोललो. ढवळूला साक्षीला उभं केलं आणि विचारलं, हा असं बोलला का? ढवळू म्हणाला, बोलला, पन ते असा आहे की... तेव्हा विचारलं तेवढंच सांगा, असं त्याला सांगण्यात आलं. दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. लक्ष्याला ठाण्याच्या तुरुंगात नेलं. जाताना त्याने ढवळूला काही म्हटलं नाही. कमू मात्र म्हणाली, आणि दारात उभं राहून बराच वेळ म्हणाली. ढवळूने सगळं ऐकून घेतलं.

मग तो वेळूपाड्याला गेला. सोम्याच्या ओट्यावर बसला. या खेपेस त्याने तंबाखू काढला नाही. नेम मोडून त्याने सरळ विचारलं, आणि सोम्यानेही सरळ सांगितलं.

"तवा बोललो असतो, बाबा," सोम्या म्हणाला. "तांदूळ हातात होते. राब मीच पेटवला. वारा सुटला तरी मी भाकर खायला घरात गेलो. ठाण्यात गेलो तवा मला वाटला लक्ष्यानीच केला. मागाहून जळकी वाट दिसली."

ढवळू म्हणाला, चल माझ्याबरोबर, साहेबाला एवढंच सांग, मी तुझ्या बाजूला उभा राहतो.

"लक्ष्याच्या बाजूला पन तूच उभा होतास," सोम्या म्हणाला.

सोम्याचं म्हणणं होतं, की आता तोंड उघडलं तर खोटी फिर्याद केली म्हणून मला नेतील, मला तीन पोरं आहेत. आणि ढवळूला आता सरकारचं जे कळलं होतं त्यावरून पाहता सोम्या म्हणत होता ते अगदी खरं होतं. तो सोम्याला खोटा धीर देऊ शकला नाही. तो उठला आणि ओहोळापाशी येऊन बसून राहिला. त्याला रडू आलं, आणि ते आवरायचं त्याने मनातही आणलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो कचेरीत गेला. मधल्याने एका घरातलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा त्याच्या कामाचा कणा होता. बापाने मरताना तेवढं एकच सांगितलं होतं. ढवळूने तोही नेम मोडला. टेंब्यांना त्याने सोम्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं, राबाचं, वाऱ्याचं, काळ्या पट्टीचं. टेंब्यांनी टाक खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, की ही ऐकीव गोष्ट आहे, त्याला आणा, त्याचा अंगठा घेऊ, मग वर पाठवता येईल. पट्टीवर एव्हाना नवं गवत उगवलं होतं. सोम्या अर्थातच आला नाही. ढवळू कचेरीत बोलून आला हे मात्र वेळूपाड्याला कळलं, आणि तिथल्या एकूण एक घराने त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे ज्यासाठी त्याने बापाचा शब्द मोडला ते काही झालं नाही, आणि जे उरलं होतं तेही गेलं.

बावन्न सालच्या थंडीत जव्हारला मोठी माणसं आली. देशासाठी एक सलोखा मंडळ नेमावं का, नेमलं तर ते कसं चालावं, याची पाहणी करत ती गावोगाव हिंडत होती. जव्हारच्या समितीचं नाव त्यांच्यापर्यंत गेलं होतं. समितीच्या वहीचं पहिलं पान त्यांना दाखवण्यात आलं. ते पान लक्ष्याचं होतं. पंच म्हणून ढवळूला बोलावणं गेलं आणि त्याला वाटलं, देवच पावला. आता थेट दिल्लीच्या माणसाला सांगता येईल. वाटभर त्याने बोलायचं मनात जुळवलं.

तिघं होते. त्यांतले एक पांढऱ्या केसांचे, कनवाळू चेहऱ्याचे. ते हिंदीत बोलत, टेंबे मराठीत सांगत. ढवळू त्या दिवशी जेवढं बोलला तेवढं जन्मात बोलला नव्हता. सुपाची रीत त्याने आरंभापासून सांगितली. आधी कोण बोलतो आणि का, दुसऱ्याने काय सांगायचं असतं, आणि इथे या खोलीत तो दुसरा बोलायचा राहिला आणि पहिला तुरुंगात गेला. सांगता सांगता त्याचा घसा बसला. टेंब्यांनी त्याचं हिंदी केलं ते दोन वाक्यांचं. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मान डोलावली, ढवळूच्या खांद्यावर हात ठेवला आणि सोबत्याला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. काय लिहिलं हे ढवळूने विचारलं. टेंबे म्हणाले, की इथली माणसं सत्यवचनी असून चूक आपणहून कबूल करतात, असं लिहिलंय.

"लक्ष्याला सोडा," ढवळू म्हणाला. "तेवढा लिहा."

टेंब्यांनी हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं. गृहस्थांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी सांगितलं, की ही पाहणी मंडळ स्थापण्यासाठी आहे, एकेकट्या खटल्यात हात घालायचा अधिकार आम्हाला नाही. मंडळ स्थापन झालं म्हणजे तिथे अर्ज करता येईल. मंडळ कधी होणार, असं ढवळूने विचारलं. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग अंगणात फोटो काढला. सूप हातात धरून ढवळूला मध्ये उभं केलं होतं. मंडळ पुढे झालं की नाही, हे पाड्यावर कधीच कळलं नाही.

त्याआधीच्या पावसाळ्यातच लक्ष्याची आई गेली होती. तिला न्यायला ढवळूने खांदा दिला. कमूने त्याला अडवलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

भांडणं काही थांबली नव्हती. फक्त ढवळूच्या अंगणात माणसं येईनाशी झाली. एकदा पाड्यातल्या पुंजाच्या घरातली कोंडी नावाची बाई आणि तिची जाऊ रुपी यांचं पाण्याच्या जागेवरून बिनसलं, तेव्हा जुन्या सवयीने त्या आल्या. ढवळूने सूप मांडलं. कोंडीचं कमी चुकलं होतं. त्याने तिला खूण केली. तिने तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. तिचा नवरा मागे उभा होता, तोही म्हणाला, काही बोलू नको. शेवटी ढवळूने तांदूळ परत डब्यात ओतले. त्या दोघी जावा पुढे एका भिंतीआड राहून वर्षानुवर्षं बोलल्या नाहीत. मोठं भांडण होतं असंही नाही.

त्रेपन्न साली लक्ष्या सुटून आला. अंगाने वाळला होता, केस बारीक कापलेले होते, आणि चालताना रस्त्याच्या कडेने चालायची त्याला सवय लागली होती. मुलगी त्याला बघून आईमागे लपली. दोन दिवस पाड्याने त्याला पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढवळू त्याच्या अंगणात गेला. लक्ष्या दोर वळत होता. त्याने पुढे घोंगडी टाकली, बस म्हणाला.

ढवळू बसला. त्याला बोलायचं होतं ते एकच होतं. पण त्याचं जास्त चुकलं होतं, आणि जास्त चुकलेल्याने आधी बोलायचं नसतं. म्हणून तो वाट बघत बसला. लक्ष्या बोलत होता, पण भलतंच. तुरुंगात सतरंज्या विणायला शिकवतात ते, ठाण्याची खाडी, एका पठाणाने दिलेली विडी. ऊन डोक्यावर आलं. दोर संपत आला. लक्ष्या ते शब्द आता कधीच बोलणार नाही, आणि त्याने का बोलावेत, हे ढवळूला कळून चुकलं. मग सगळं आयुष्य ज्या रीतीवर काढलं ती त्याने बाजूला सारली.

"लक्ष्या," तो म्हणाला, "माझा चुकला."

लक्ष्याचे हात थांबले. त्याने चटकन पायवाटेकडे पाहिलं, मग कुडाकडे, मग पुढे सरकून ढवळूचा हात धरला.

"बाबा, असा बोलू नको," तो हळू म्हणाला. "कोणी ऐकला तर तुला नेतील."

हे तो रागाने बोलला असता, टोचून बोलला असता, तर ढवळूने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. पण लक्ष्याला खरोखरच त्याची काळजी वाटत होती.